पुस्तकातून परसात

ग्रामीण कुटुंबाच्या स्वावलंबनाविषयी आपल्याकडे बरेच बोलले व लिहिले गेले आहे. भाजीपाला, बियाणे, खत, इंधन आणि साठवणीचे अन्न यांपैकी जेवढे घरच्या घरी होईल तेवढा बाजाराचा भार हलका होतो, याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. मात्र ही कौशल्ये शिकायची कशी, या प्रश्नाकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. पूर्वी ती आईकडून मुलीकडे आणि बापाकडून मुलाकडे, हाताखाली काम करता करता येत असत. आता अनेक घरांत ती साखळी तुटली आहे. परिणामी ज्याला शिकायचे आहे त्याला पुस्तक, पुस्तिका व घडीपत्रिका यांचाच आधार घ्यावा लागतो.

हे साहित्य कमी आहे असे नाही. कृषी विद्यापीठांची प्रकाशने, कृषी विभागाचे ‘शेतकरी’ मासिक, कृषी विज्ञान केंद्रांच्या पुस्तिका तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळतात. तरीही श्रावणात हिरवीगार दिसणारी शाळेची परसबाग फाल्गुनात वाळून जाते, हा अनेक गावांतील अनुभव आहे. यात आळसाचा भाग थोडा असतो. वाचलेल्या मजकुराचा आपल्या जागेशी, आपल्या पाण्याशी हिशेब जुळवलेला नसतो, हे त्याचे खरे कारण होय.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ पुढे आली. परंतु वाचन आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड सामान्य शेतकऱ्यांच्या पातळीवर घालण्याचा अधिक बोधप्रद प्रयत्न कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी १९६० नंतरच्या दशकात सुरू केलेल्या ‘प्रयोग परिवारा’चा म्हणावा लागेल. त्याची पद्धत साधी होती. शास्त्रीय माहिती मिळवायची, ती आपल्या शेतात लहान प्रमाणात करून पाहायची, जे दिसले त्याची नोंद ठेवायची आणि ती नोंद पत्राने वा भेटीत इतरांना कळवायची. सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक, अशी रचना त्यात नव्हती. तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदारांनी या वाटेने द्राक्षशेतीत मोठी मजल मारली. थॉम्सन सीडलेस या जातीतून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही प्रसिद्ध जातही त्याच तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या बागेत हाती लागली. पाच माणसांच्या कुटुंबाचा निर्वाह दहा गुंठ्यांत होऊ शकतो, असा हिशेब दाभोळकरांनी मांडला होता. त्याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु निर्वाहाचा विचार गुंठ्यांत, लिटरमध्ये व किलोमध्ये करण्याची जी सवय त्यांनी लावली, ती शाळांनी व पंचायतींनी अवश्य उचलावी अशी आहे.

पाण्याचे गणित

परसबागेच्या पुस्तिकेत बहुधा एका गुंठ्याचा आराखडा दिलेला असतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. आराखडा चांगला असतो. पण तो कोणत्या पाण्यावर चालायचा, हे वाचकाने स्वतः ठरवायचे असते.

जलजीवन अभियानाचे प्रमाण दरडोई दररोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घरी त्या हिशेबाने २७५ लिटर पाणी येते. पिणे, स्वयंपाक व शौचालय वगळता आंघोळीचे आणि धुण्याभांड्यांचे मिळून यातील साधारण निम्मे, म्हणजे १३५ लिटरच्या आसपास, बागेकडे वळवता येते. आता झाडांची गरज पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. भाजीच्या भरल्या वाफ्यातून हिवाळ्यात दिवसाला सुमारे चार मिलिमीटर, तर एप्रिल-मे महिन्यांत सात ते आठ मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजेच या घराच्या सांडपाण्यावर हिवाळ्यात ३३ चौरस मीटर, तर उन्हाळ्यात जेमतेम १७ ते १९ चौरस मीटर बाग जगेल. हिवाळ्यात गुंठ्याचा तिसरा हिस्सा, उन्हाळ्यात पाचवा-सहावा.

सातवीच्या विद्यार्थ्याला सहज सुटेल असे हे उदाहरण आहे. ते ज्या कुटुंबाने आधी सोडवले, ते फेब्रुवारीतच बाग आटोपती घेते, उरलेल्या वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालते आणि अळू, केळ, शेवगा यांना सांडपाण्याच्या वाटेवर जागा देते. ज्याने सोडवले नाही त्याचा संपूर्ण गुंठा एकदम वाळतो आणि परसबाग आपल्या गावात होत नाही, असा निष्कर्ष तो काढून मोकळा होतो. एवढ्या कष्टाने मिळवलेला चुकीचा निष्कर्ष पुढे पुसणे फार कठीण जाते.

आकड्यामागील कारण

पुस्तकातील मापे पाठ करण्यापेक्षा त्यांमागील कारण शोधून काढणे अधिक महत्त्वाचे आहे. ‘नाडेप’ खताचे उदाहरण घेण्यासारखे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत ओळखली जाते. सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशी विटांची टाकी, भिंतीत हवेसाठी सोडलेली भोके, आत काडीकचरा, चाळलेली माती व थोडे शेण यांचे थर, हे तिचे स्वरूप सर्वपरिचित आहे. एका टाकीला सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा लागतो. शेण मात्र शंभर किलोच्या आतबाहेर पुरते. ही पद्धत निघालीच मुळी शेणाच्या टंचाईवर उपाय म्हणून. त्यात आणखी एक अट आहे, तिच्याकडे वाचकांचे हमखास दुर्लक्ष होते. टाकी एक-दोन दिवसांत संपूर्ण भरून वरून लिंपून घ्यायची असते. रोजचा घमेलेभर कचरा टाकत राहिल्यास ती उकिरड्यासारखीच वागते.

ज्या घरी वर्षभरात दीड टन कचरा एकत्र होत नाही, त्या घराने ही टाकी बांधू नये, हे ओघानेच येते. त्यांना तीन फुटी खड्डा किंवा गांडूळखताचा लहान वाफा योग्य. अनुदानातून बांधलेली आणि पुढे सरपण ठेवण्याच्या कामी आलेली टाकी पाहिली की, मंजुरीचा कागद तयार करणाऱ्याने पुस्तिकेचे दुसरे पान वाचले असते तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. गोबरगॅस संयंत्राचेही तेच. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. एका गाईवर ते चालत नाही.

जे केवळ हाताने कळत नाही

प्रत्यक्ष कामाचा आग्रह धरताना वाचनाची किंमत कमी लेखण्याचेही कारण नाही. घरचे बी धरणाऱ्याला एक गोष्ट पुस्तकातूनच लवकर समजते. टोमॅटो, वाल, चवळी यांचे परागीकरण बहुतांशी त्याच फुलात होते. त्यामुळे त्यांचे बी आईसारखेच निपजते. दुधी, काकडी, दोडका यांचे परागकण मधमाश्या या वेलीवरून त्या वेलीवर नेतात. एकाच परसात दुधीचे दोन वाण शेजारी लावले तर पुढील वर्षी फळ कसे येईल याचा भरवसा नसतो. संकरित बियाण्याच्या फळातून धरलेले बीही मूळ गुण टिकवीत नाही. हे केवळ अनुभवाने शिकायचे तर तीन हंगाम जातात आणि तरीही कारण कळेलच असे नाही.

याउलट बी पेरणीयोग्य आहे की नाही, हे कोणतेही पुस्तक सांगू शकणार नाही. त्यासाठी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे लागतात आणि आठवड्याने किती उगवले ते मोजावे लागते.

साठवणीच्या पदार्थांबाबत तर पुस्तकच अद्याप पुरते लिहिले गेलेले नाही. लोणचे, सांडगे, कुरडया, वाळवणे यांची मापे मूठ, चिमूट, ओंजळ अशी आहेत आणि ती आजीच्या हातात आहेत. विद्यार्थ्यांनी आजीची मूठभर मीठ वजनकाट्यावर ठेवावे, कैऱ्यांच्या फोडींचे वजन करावे आणि दोन्ही आकडे वहीत मांडावेत. यातून घराघरांतील मिठाच्या प्रमाणातला फरक दिसेल, आणि कोणाचे लोणचे वर्षभर टिकले याची नोंद पुढील वर्षी त्याच्या शेजारी येईल. यात आजींचा मानही राखला जातो.

शाळा व पंचायत यांचे काम

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने काम करता करता शिकण्याची पद्धत चिकाटीने राबवली आहे. शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, अभियांत्रिकी, गृह व आरोग्य अशा विभागांतून विद्यार्थी गावाला उपयोगी पडणारी कामे करतात आणि त्या कामांच्या निमित्ताने विज्ञान शिकतात. प्रत्येक गावात आश्रम निघणार नाही, हे उघड आहे. परंतु शाळा, ग्रामपंचायत आणि जेथे असेल तेथे सार्वजनिक ग्रंथालय यांनी मिळून काही गोष्टी विशेष खर्चाशिवाय करता येतील.

ग्रंथालयात शेती व गृहोपयोगी पुस्तकांचे एक वेगळे कपाट असावे. त्याची किल्ली उघडण्याच्या वेळेत हाताशी असावी, हे सांगावे लागू नये, पण लागते. महिन्यातून एकदा बचत गटाच्या बैठकीत पुस्तिकेची दोन पाने मोठ्याने वाचून त्यावर चर्चा व्हावी. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांचाच या विषयातील अनुभव पुष्कळदा अधिक असतो. परसबागेतील एक वाफा पुस्तकाप्रमाणे, तर शेजारचा गावच्या रीतीप्रमाणे लावावा आणि दोन्हींची भाजी शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात जाण्यापूर्वी तोलली जावी.

उन्हाळी सुट्टीचा प्रश्न मात्र आधीच सोडवला पाहिजे. मे महिन्यात पाणी कोण घालणार, याचे उत्तर ठरावात नावानिशी नसेल तर मार्चनंतर नवीन पेरणी करू नये. वाफे आच्छादून ठेवावेत, शेवगा व कढीपत्ता यांच्यापुरते पाणी शेजारच्या घराकडे सोपवावे, बी सुकवून राख मिसळून बंद डब्यात ठेवावे. डब्यावर वाणाचे नाव व धरल्याची तारीख लिहावी. नोंदवही पाचवीच्या वर्गाने सहावीत जाताना नव्या पाचवीच्या हाती द्यावी आणि तिची एक नक्कल ग्रंथालयाच्या त्या कपाटात, पुस्तिकांच्या शेजारी ठेवावी.