गाडी पांढरीच, पण मालक वेगळा

प्रश्न : ॲम्ब्युलन्स उशिरा आली तर जाब कुणाला विचारायचा? सरपंचाला, झेडपीला की कलेक्टरला? (एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : आधी गाडीवरचा नंबर वाचा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात उभी असते ती १०२. गरोदर बाया, बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसाठी. ही केंद्रं जिल्हा परिषदेची, त्यामुळे १०२ चा जाब जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारायचा.

१०८ ची गोष्ट निराळी. जानेवारी २०१४ मध्ये राज्य सरकारनं ही सेवा बीव्हीजी कंपनीमार्फत सुरू केली. तेव्हाच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक, आणि प्रत्येकीत डॉक्टर. तुम्ही जिंतुरातून फोन लावता, तो वाजतो पुण्यात औंधला. करार मंत्रालयाचा, फोन पुण्याचा, खड्डे मात्र आपले! झेडपीच्या हाती यातलं फारसं काही नाही. १०८ ची तक्रार जिल्हा शल्य चिकित्सकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही.

राहिली खासगी गाडी. पोलीस नि अग्निशमनच्या गाड्यांप्रमाणे ॲम्ब्युलन्सलाही कायद्यानं परमिट लागत नाही. तिच्यावर लगाम दोनच, आरटीओचं फिटनेस आणि ठरवून दिलेलं भाडं. भाडं ठरवतं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कोविडात भाड्याची लूट वाढली तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही राज्यांना रास्त दर ठरवायला सांगितलं होतं. म्हणजे परभणीहून नांदेड-संभाजीनगरला पेशंट रेफर झाला की निघण्याआधी किलोमीटरचा दर विचारावा, पावती मागावी. त्या घाईत हे सुचणं अवघड, कबूल.

सरपंचाचं म्हणाल, तर त्यांच्या हातात अधिकार नसले तरी आवाज आहे. खरी जागा झेडपीची आरोग्य समिती. पण मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि 'आमच्या केंद्रातली गाडी महिनाभर गॅरेजात का?' असं भर सभेत विचारणारंच कुणी उरलं नाही. माझ्या मते देखरेख खरी सुटली ती इथं.

तुम्हाला खोलात जायचं असेल तर १०२ चं लॉगबुक मागा. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. रुग्णाचं नाव झाकून देतील, ते योग्यच. पण गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, मीटरवर किलोमीटर किती, हे रकाने बघा. सगळ्या फेऱ्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा ते तुम्हाला कळेलच. आणि पुढच्या वेळी फोन लावलात की वेळ लगेच कागदावर टिपा. घरात रडारड चालू असेल तर शेजाऱ्याला टिपायला सांगा.