बालकर्करोगाशी झुंज : डॉ. सिडनी फार्बर यांचे कार्य

लहान मुलांनाही कर्करोग होतो, ही गोष्ट आपल्या ग्रामीण भागात आजही अनेकांना खरी वाटत नाही. आणि झालाच, तर तो बरा होत नाही, असे मानून कित्येक कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडून देतात. या दोन्ही समजुती किती चुकीच्या आहेत, हे अमेरिकेतील डॉ. सिडनी फार्बर यांच्या जीवनकार्यावरून स्पष्ट होते. या कार्याचा एक धागा आपल्या मुंबईशीही जोडलेला आहे.

प्रयोगशाळेतून रुग्णशय्येकडे

फार्बर यांचा जन्म १९०३ साली बफेलो या शहरी झाला. चौदा भावंडांच्या मोठ्या कुटुंबात ते वाढले. वैद्यकीय शिक्षणाचे पहिले वर्ष त्यांनी जर्मनीत काढले व १९२७ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी मिळविली. पुढे बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयात ते विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त व ऊती तपासणे, मृत बालकांची शवचिकित्सा करून रोगाचे कारण नोंदविणे, हे त्यांचे काम होते. रक्ताच्या कर्करोगाने दगावलेली अनेक मुले त्यांनी पाहिली. त्या काळी या रोगाचे निदान झाल्यावर मूल काही आठवडे, फार तर काही महिने जगत असे. रोगाचे वर्णन करण्याऐवजी त्यावर उपाय शोधावा, या निश्चयाने फार्बर प्रयोगशाळेतून रुग्णांकडे वळले.

मुंबईच्या गिरणगावाशी नाते

उपायाची वाट मात्र दुसरीकडूनच निघाली. लुसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या होत्या. कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्कात या रोगावर गुणकारी असा एखादा घटक आहे, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. हा घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल होय. नवे रक्त तयार होण्यास ते आवश्यक असते.

मग कर्करोगग्रस्त मुलांनाही ते द्यावे, असे फार्बर यांना वाटले. परिणाम उलटा झाला. रोग अधिकच बळावल्यासारखा दिसला. या कटू अनुभवातून त्यांनी नेमका बोध घेतला. फॉलिक आम्लाने रोगट पेशी पोसल्या जात असतील, तर त्या आम्लाचे कार्य रोखणारे द्रव्य दिल्यास रोग मागे हटला पाहिजे. असे द्रव्य तयार करणाऱ्या लेडर्ले कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव.

१९४७ च्या अखेरीस अमिनोप्टेरिन हे औषध फार्बर यांच्या हाती आले. जून १९४८ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचार केलेल्या १६ बालकांपैकी १० जणांत सुधारणा झाली होती. अंथरुणाला खिळलेली मुले पुन्हा हिंडूफिरू लागली होती. मरणोन्मुख मुलांना उगाच छळू नये, असे म्हणणारे सहकारी त्या काळी होते. शिवाय ही सुधारणा तात्पुरती ठरली व रोग उलटला. तथापि औषधाने हा रोग हटू शकतो, हे प्रथमच सिद्ध झाले. याच वर्गातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

सर्वांगीण शुश्रूषा

संशोधनास पैसा हवा होता. मे १९४८ मध्ये रेडिओवरून एका बारा वर्षांच्या कर्करुग्ण मुलाची ओळख 'जिमी' या टोपणनावाने श्रोत्यांना करून देण्यात आली व मदतीचे आवाहन करण्यात आले. लोकांनी दोन लाखांहून अधिक डॉलर दिले. तो मुलगा वाचला, मोठा झाला आणि पन्नास वर्षांनी, १९९८ साली, लोकांसमोर आला.

या निधीतून उभ्या राहिलेल्या केंद्रात फार्बर यांनी 'सर्वांगीण शुश्रूषा' ही कल्पना राबविली. डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ व समाजसेवक या सर्वांनी एकाच छत्राखाली मुलाची व त्याच्या आईवडिलांचीही काळजी घ्यावी, अशी ती योजना होती. त्यांच्याकडे काम केलेले डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी पुढे मेंफिस येथे अनेक औषधे व किरणोपचार यांची सांगड घातली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रक्ताचा कर्करोग झालेली सुमारे निम्मी मुले कायमची बरी होऊ शकतात, असे त्यातून दिसून आले. फार्बर १९७३ साली निवर्तले.

आपले कर्तव्य

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख बालके व किशोरवयीनांना कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत मात्र ३० टक्क्यांहूनही कमी. उशिरा निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार ही त्यामागील मोठी कारणे आहेत. रक्ताच्या कर्करोगात पहिल्या महिना-दीड महिन्यातच बहुतेक मुलांना हुशारी वाटू लागते. मूल बरे झाले असे समजून कुटुंब गावी परतते आणि रोग पुन्हा उचल खातो. या रोगाच्या सर्वसामान्य प्रकारात उपचार दोन ते तीन वर्षे चालतात, हे त्या कुटुंबास आधीच सांगितले पाहिजे.

येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांचे साहाय्य मोलाचे ठरते. दीर्घकाळ न हटणारा ताप, फिकटपणा, अंगावर उठणारे काळेनिळे डाग, हाडांतील दुखणे, मानेतील किंवा पोटातील गाठ, डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक, सकाळी डोकेदुखीसह होणारी उलटी, यांपैकी काही आढळल्यास मुलाला त्वरित सरकारी रुग्णालयात पाठवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. कर्करुग्णास उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात सवलत मिळते. ही माहिती गरजू कुटुंबापर्यंत पोहोचविणे व कागदपत्रे वेळेवर मिळवून देणे, हे गावातल्या गावात होऊ शकणारे काम आहे. हा रोग संसर्गजन्य नाही. म्हणून उपचारानंतर शाळेत परतणाऱ्या मुलाला दूर बसविण्याचे काहीच कारण नाही. डोक्यावरचे केस गेलेल्या त्या मुलाची वर्गात कुचेष्टा होऊ नये, ही दक्षता शिक्षकांनी घ्यावी.

फार्बर यांच्या हाती असलेले औषध अपुरे होते. तरी त्यांनी मुलांचा हात सोडला नाही. आज औषधे पुष्कळ आहेत. त्यांचा उपचार पुरा होईपर्यंत त्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहणारे गाव हवे.