आधी रेकी, मग कोर्स



उन्हाळी सुट्टीला निघालेल्या नववीच्या एका कॅडेटने मला विचारले, "सर, बाबा म्हणतात, साताऱ्याला आलास की एमएस-सीआयटी करून टाक. ते इथे राजस्थानात चालेल का?" त्याच्या प्रश्नाने मला माझेच दिवस आठवले.

सिग्नल्समध्ये सतरा वर्षे काढून मी निवृत्त झालो. रेडिओ, केबल, राउटर सगळे हाताखालून गेलेले. नोकरी सहज मिळेल असे वाटले. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मुलाखत झाली. "पीएलसी येते का?" पीएलसी म्हणजे यंत्रे चालवणारा छोटा संगणक. मी गप्प. पुढच्या महिन्यात बंगळुरू गाठले. तिथे पीएलसीचे नावही निघाले नाही. लिनक्स आणि क्लाउड विचारले. राउटरवर भरभरून बोललो, क्लाउडवर अडलो. माणूस तोच, पण दोन शहरांत दोन परीक्षा!

असे का होते? मालकाला त्याचे काम संगणकावर करून देणारा माणूस हवा असतो, आणि काम गावागणिक बदलते. चाकणला यंत्रे आहेत, म्हणून पीएलसी आणि कॅड. बंगळुरू जगभराच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून पायथन आणि क्लाउड. मुंबईत बँका आणि शेअर बाजार, म्हणून एक्सेल आणि एसक्यूएल. तिरुपूरहून होजिअरी परदेशी जाते, म्हणून तिथे कपड्याचे पॅटर्न संगणकावर काढणारा आणि निर्यातीची कागदपत्रे सांभाळणारा हवा.

सरकारी नोकरीतही तेच. महाराष्ट्रात अनेक पदांना एमएस-सीआयटी लागते, राजस्थानात आरएस-सीआयटी, उत्तर प्रदेशात सीसीसी. अभ्यास बराचसा सारखा, कागद वेगळा.

पालकांनीही हे लक्षात घ्यावे. प्रत्येक कॅडेट एनडीएत जाईलच असे नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीच्यांना बाहेर काम शोधावेच लागते.

म्हणून पाया आणि मजला वेगळे ठेवा. टायपिंग, स्प्रेडशीट, नेटवर्कची ओळख आणि एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेची सुरुवात हा पाया कुठेही चालतो. तो शाळेतच भरा. पीएलसी की क्लाउड, हा मजला कुठे राहायचे ते ठरल्यावर चढवा.

सुट्टीचा अभ्यास: आपल्या जिल्ह्यातल्या नोकरीच्या दहा जाहिराती वाचा आणि दूरच्या एका शहरातल्या दहा. मागितलेली कौशल्ये दोन रकान्यांत लिहा. दोन्हीकडे आढळतील ती आधी शिका.

त्या कॅडेटला मी म्हणालो, "जरूर कर, शिकलेले तुझ्याबरोबर येईल. प्रमाणपत्र मात्र महाराष्ट्रातल्या नोकरीसाठी जपून ठेव."

मोहिमेआधी आपण जमिनीची रेकी करतो. मी ती न करताच निघालो होतो. तुम्ही तसे करू नका.

जय हिंद!