पिस्तूल हाताजोगे असावे

प्रश्न : माझी 12 वर्षांची कन्या नेमबाजी शिकू इच्छिते. पिस्तूल जितके जोरकस तितका नेम अचूक, असे ऐकतो. तर भारी किमतीचे पिस्तूल आताच घ्यावे काय?
— एक पालक, सातारा

उत्तर : आपली शंका स्वाभाविक आहे, परंतु 10 मीटरवरील ज्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते, तेथे छऱ्याच्या जोरापेक्षा हाताचे स्थैर्य आणि चाप ओढण्यातील संयम हेच निर्णायक ठरतात. स्पर्धेचे पिस्तूल सुमारे एक किलो वजनाचे असल्याने, कोवळ्या मनगटास तो भार पेलतो की नाही, याची परीक्षा प्रथम प्रशिक्षण केंद्रातील पिस्तुलावरच काही महिने करावी. पुढे खरेदी करणे झालेच, तर प्रत्येक नेमाला तरफेने हवा भरावयाचे पिस्तूल स्वस्त पण श्रमाचे, आणि नळकांड्यात हवा साठविणारे सुलभ पण महाग, हे ध्यानी घ्यावे. नळकांड्याची मुदत पाहणे अगत्याचे. मूठ मात्र तिच्याच पंजाच्या मापाची हवी. घरी शस्त्र कुलूपबंद ठेवावे, सरावात संरक्षक चष्मा असावा आणि शिशाचे छरे हाताळल्यावर हात धुवावेत. घाई नसावी, एवढी दक्षता बाळगल्यास चिंतेचे कारण नाही.