चढावर धरणारी छाती

चि. भाचेबुवा,


ताई फोनवर सांगत होती, पर्वती चढताना तुझी छाती आवळल्यासारखी होते, डावा हात जड पडतो आणि दोन-चार मिनिटं कठड्याला टेकलास की सगळं मोकळं. वर तुझं निदानही तयार: रात्रीच्या मिसळीचं पित्त! अरे, पित्त काही पायऱ्या बघून उठत नाही. चढावर धरतं आणि थांबल्यावर सुटतं, ते दुखणं हृदयाचं समजायचं. आम्ही डॉक्टर त्याला अंजायना म्हणतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या रोहिण्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या, तरी बसल्या जागी भागून जातं. चढावर ठोके वाढतात, रक्त जास्त लागतं आणि तिथे कमी पडतं. थांबल्यावर दुखणं जातं, रोहिणी मात्र अरुंदच राहते. भरपेट जेवून चाललास, थंडी लागली किंवा भांडलास, तरी तेच. लंडनचा नामांकित सर्जन जॉन हंटर याला हाच आजार होता. १७९३ साली सेंट जॉर्ज हॉस्पिटलातल्या बैठकीत वादावादी झाली आणि तो तिथेच कोसळून गेला. देवीच्या लसीचा एडवर्ड जेन्नर हा त्याचा शिष्य. दोष रोहिण्यांत असावा, हे शवविच्छेदनांवरून जेन्नरच्या लक्षात आलं होतं, पण गुरूला धक्का बसेल म्हणून तो बोलला नाही. मला तसली भीड नाही.

‘ईसीजी नॉर्मल आलाय’ हे मला ऐकवू नकोस. निजवून काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, कारण त्या घटकेला हृदयाला काही कमी पडत नसतं. हृदयरोगतज्ज्ञाला गाठ, पायऱ्यांवर जे होतं ते जसंच्या तसं सांग. ट्रेडमिल करायची की सीटी अँजिओग्राफी, ते त्यांना ठरवू दे. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घे. सिगारेट आजपासून बंद. यावर चर्चा नाही.

कुणाच्या तरी डबीतली सॉर्बिट्रेट खिशात टाकून फिरू नकोस. डॉक्टरांनी दिली तर जिभेखाली ठेवायची, तीही बसून. उभ्याने घेतली तर बीपी उतरून भोवळ येते.

आणि दुखणं बसल्या जागी आलं, घाम फुटला, दम लागला किंवा थांबूनही पाच-दहा मिनिटांत ओसरलं नाही, तर सोडा पीत वाट बघायची नाही. लगेच १०८ लावायचा. स्वतः स्कूटर काढून निघायचं तर मुळीच नाही.

तपासणी होईपर्यंत पर्वती बंद. याच आठवड्यातली वेळ घे आणि मला कळव, मीही येतो.

तुझा,
मामा