वायर माझ्या हातात, तरी उत्तर येतच होतं

रविवारी सकाळी साडेदहाला नाशिकच्या मिसळीच्या हॉटेलात काय परिस्थिती असते, ते हॉटेलवाल्यांना सांगायला नको. चौदाच्या चौदा टेबलं भरलेली, बाहेर वहीत नावं लिहून थांबलेली माणसं, आणि त्यातच किचनच्या खिडकीतून आमचे मामा ओरडले, "वहिनी, कागद येईना!"

कागद म्हणजे केओटी, किचनमध्ये निघणारी ऑर्डरची चिठ्ठी. मी गल्ल्यावरून ऑर्डर टाकत होते, संगणक 'गेली' म्हणत होता आणि आत काहीच निघत नव्हतं. बिलं निघत होती, कारण काउंटरचा प्रिंटर संगणकाला थेट जोडलेला आहे. किचनचा प्रिंटर मात्र राउटरमधून चालतो. मी तो बंद करून चालू केला, कागदाचा रोल काढून परत घातला. दोन ऑर्डरी आल्या, परत बंद.

राउटर बसवणाऱ्याला फोन लावला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. पहिल्या फोनला तो म्हणाला, "प्रिंटर गेला असेल." दुसऱ्या फोनला म्हणाला, "नेट चालू आहे ना? मग आमचा संबंध नाही." तिसऱ्या फोनला म्हणाला, "वहिनी, हे तुम्हाला नाही कळायचं, साहेबांना फोन द्या." साहेब पुण्याला लग्नाला गेले होते. बारा वर्षं हा गल्ला मी सांभाळते. दूध किती लागेल, फरसाण कधी संपेल, कोणता वेटर कोणत्या टेबलाला रमतो, हे मला कळतं, आणि राउटरचं कळणार नाही? चौथा फोन त्याने उचललाच नाही.

शेवटी बिलिंग सॉफ्टवेअरच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडे एक तरुण मुलगा होता. रविवार असूनही त्याने घाई केली नाही. तो म्हणाला, "मॅडम, प्रिंटर बंद करा. कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा." तसं केल्यावर प्रिंटरमधून एक लांब पट्टी निघाली. त्या पट्टीवर खाली आकडा होता: १९२.१६८.१.१०५. तो म्हणाला, हा तुमच्या प्रिंटरचा पत्ता. मग संगणकावरच्या काळ्या खिडकीत 'पिंग' आणि पुढे तो आकडा टाइप करायला लावला. उत्तर आलं. "आता प्रिंटरची नेटची वायर काढा आणि परत तेच करा."

मी वायर काढली. एका हातात ती वायर, दुसऱ्या हाताने टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं. परत आलं. चारही वेळा आलं.

प्रिंटर जोडलेलाच नव्हता आणि त्याच्या पत्त्यावरून कोणीतरी 'मी आहे' म्हणत होतं. मी मान वर करून हॉलकडे बघितलं. साठ माणसं, प्रत्येकाच्या हातात नाहीतर टेबलावर मोबाइल, आणि मागच्या भिंतीवर आमच्याच हाताने लावलेली पाटी: 'मोफत वायफाय', खाली पासवर्ड. त्यातल्या कुठल्या तरी मोबाइलला राउटरने आमच्या प्रिंटरचाच नंबर देऊन टाकला होता. माझ्या ऑर्डरी त्या मोबाइलकडे जात होत्या आणि तिथे हरवत होत्या. त्या गिऱ्हाइकाची त्यात काही चूक नव्हती. त्याला पत्ताही नसेल.

त्या दिवशी दोनपर्यंत कार्बन घालून हाताने केओटी लिहिल्या. चार टेबलं उठून गेली. एका आजोबांना पाव दोनदा गेले आणि मिसळ एकदाही नाही. ते काही बोलले नाहीत, नुसते उठले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हे झालं कसं, ते मला नंतर कळलं. जूनमध्ये वीज कडाडून जुना राउटर जळला. हा माणूस नवा घेऊन आला, पंधरा मिनिटांत जोडला आणि काही पैसे घेऊन गेला. जुन्या राउटरमध्ये प्रिंटरचा नंबर बाजूला काढून ठेवलेला होता. नव्यात कारखान्यातून आलेलं सेटिंग तसंच राहिलं: जो येईल त्याला १०० पासून पुढचे नंबर वाटायचे. शिवाय आधी गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं होतं, ते त्याने 'सोयीसाठी' एकच करून टाकलं. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. आठवडाभर गर्दी कमी होती म्हणून निभावलं. पहिल्या भरगच्च रविवारी त्या वाटपात १०५ कुठल्या तरी मोबाइलला गेला.

सोमवारी तो आला. चूक मान्य करेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "गिऱ्हाइकांना वायफाय देताच कशाला?" मी राउटरचा पासवर्ड मागितला. तो म्हणाला, "आमचं सेटिंग आम्ही कोणाला देत नाही." राउटर माझ्या पैशाचा, कनेक्शन माझ्या नावावर, बिल दर महिन्याला मी भरते, आणि किल्ली याच्या खिशात! त्याचे राहिलेले पैसे मी त्याच वेळी मोजून दिले, म्हणजे उद्या त्याला बोलायला जागा नको, आणि दुसरा माणूस बोलावला.

दुसऱ्याने राउटर रिसेट करायचं ठरवलं. इथे पहिला धडा घ्या: मागचं बारीक बटण दहा सेकंद दाबलं की सगळं पुसलं जातं, इंटरनेट कंपनीने दिलेलं लॉगिन नाव आणि पासवर्डसुद्धा. ते आमच्याकडे लिहिलेलं नव्हतं. ते मिळवण्यात दोन तास गेले. आधी ते कंपनीकडून मागून घ्या, मगच बटणाला हात लावा.

नवीन सेटिंग झालं, पण भिंतीवरचा पासवर्ड बदलायचा राहिला होता. रात्री एक वाजता त्याने घरी बसून राउटरला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली आणि मला फोटो पाठवला. हॉटेल बंद, शटर खाली, आणि अकरा मोबाइल जोडलेले. दोन वर्षं तोच पासवर्ड पाटीवर होता. वरच्या मजल्यावरच्या पीजीतल्या मुलांना तो पाठ झाला होता. त्याहून वाईट म्हणजे सीसीटीव्हीचा डीव्हीआर त्याच जाळ्यात होता आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच. ज्याला थोडं कळतं, त्याने मिसळ खाता खाता माझा गल्ला मोबाइलवर बघितला असता. ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

आता तुमच्यासाठी.

गिऱ्हाइकांचं वायफाय आणि दुकानाचं जाळं वेगळं ठेवा. बिलिंग, किचनचा प्रिंटर आणि कॅमेरे एकीकडे, गिऱ्हाईक दुसरीकडे. आजच्या बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट' नावाची सोय असते. पण ती चालू केली म्हणून काम झालं असं समजू नका. गिऱ्हाइकांना आतल्या उपकरणांपर्यंत जाऊ द्यायचं का, असा एक पर्याय त्यात असतो. तो बंद पाहिजे, आणि एका गिऱ्हाइकाचा मोबाइल दुसऱ्याला दिसू नये, ही सोयही चालू पाहिजे. बसवणारा तोंडी 'हो' म्हणेल. तुम्ही स्वतः तपासा. आपला मोबाइल गेस्टवर जोडा, मोबाइलचं स्वतःचं नेट बंद करा आणि ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा आकडा टाका, मग प्रिंटरचा. काही उघडलं, तर भिंत नुसती कागदावर आहे.

प्रिंटरला कायमचा नंबर द्या आणि तो वाटपाच्या बाहेरचा असू द्या. आमच्याकडे आता वाटप ५० पासून २०० पर्यंत आहे आणि प्रिंटर २० वर बसलाय. नव्या नंबरची पट्टी मी प्रिंटरच्या पोटाला चिकटपट्टीने लावली आहे.

नंबर किती वेळासाठी दिला जातो, तेही बघा. बऱ्याच राउटरमध्ये तो चोवीस तासांसाठी दिलेला असतो. गिऱ्हाईक अर्ध्या तासात मिसळ खाऊन जातं, पण त्याचा नंबर दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. साध्या राउटरमध्ये फार तर २५४ पत्ते, वाटपाला त्याहून कमी. रविवारी तीनशे माणसं आली की दुपारच्या लोकांना 'जोडत आहे' एवढंच दिसतं आणि ते म्हणतात, यांचं नेट फालतू आहे. आम्ही ती मुदत एक तास केली.

बिलिंगचा संगणक आणि प्रिंटर वायरनेच जोडा. मायक्रोवेव्हजवळ राउटर ठेवू नका. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची पट्टी आणि मायक्रोवेव्ह जवळजवळ एकाच फ्रिक्वेन्सीवर काम करतात, आणि आमचा तर पार्सल काउंटरवर मायक्रोवेव्हच्या डोक्यावरच ठेवला होता. प्रत्येक मोबाइलला वेगाची मर्यादा घाला, नाहीतर एकजण सिनेमा उतरवतो आणि बाकीचे बघत बसतात.

गिऱ्हाइकांच्या वायफायचा पासवर्ड दर महिन्याला बदला. आमच्या हॉटेलात हे होत नव्हतं, म्हणून सांगते.

आणि हे हलक्यात घेऊ नका: २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी जो धमकीचा मेल आला, तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून गेला होता. पोलीस आधी त्याच्याच दारात आले. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या, की सार्वजनिक वायफाय देताना कोण वापरतंय याची नोंद राहावी, ओळखपत्राची प्रत घेऊन किंवा मोबाइलवर एसएमएसने पासवर्ड पाठवून. म्हणून आपल्या इंटरनेट कंपनीला विचारून ओटीपीची सोय घ्या. कनेक्शन तुमच्या नावावर असतं, पोलीस तुम्हालाच विचारणार. मात्र तेवढ्यासाठी मिळालेले नंबर जाहिरातीचे मेसेज पाठवायला वापरू नका. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे आणि त्यात संमती लागते. आणि कायदा नसता तरी गिऱ्हाइकाने नंबर नेटसाठी दिलाय, दिवाळी ऑफरसाठी नाही.

शेवटचं. राउटरचा पासवर्ड, इंटरनेटचं लॉगिन, प्रिंटरचे नंबर, डीव्हीआरचा पासवर्ड हे सगळं एका वहीत लिहून घ्या आणि ते मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. 'कोणाला देत नाही' म्हणणारा माणूस काम करायला ठेवूच नका. आणि काम समजावून घेताना गल्ल्यावर जो बसतो त्याला समोर बसवा. तो मालक असो, मालकीण असो, नाहीतर पगारी कॅशियर. रविवारी साडेदहाला संगणकासमोर तोच असतो. 'साहेबांना सांगतो' हे उत्तर चालवून घेऊ नका.

माझी वही आता गल्ल्याच्या खालच्या खणात आहे, कार्बनच्या केओटी बुकाच्या शेजारी. दर रविवारी सकाळी सातला, पहिली तर्री उकळायच्या आत, मी मोबाइल गेस्टला जोडते आणि प्रिंटरचा आकडा टाकते. पान उघडत नाही, याची खात्री झाली की मग शटर वर करते.