मुखावरील पुटकुळ्या

बाल्य सरू लागले, की पुष्कळ मुलामुलींच्या मुखावर पुटकुळ्या उमटतात. त्यांस तारुण्यपीटिका म्हणतात. त्या मळामुळे होतात, अशी समजूत आहे. पण ती खरी नव्हे.

त्वचेत सूक्ष्म तैलग्रंथी असतात. या वयात त्या अधिक तेल स्रवू लागतात. तेल व मृत पेशी यांनी त्वचेचे रंध्र बुजते, आत जंतू वाढतात आणि सूज येते. पुटकुळी ही वाढत्या वयाची खूण आहे. म्हणून कोणी लाजू नये. कोणी कोणास हसू नये.

सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुवावे. खसखसून घासू नये. वर्ध्याच्या कडक उन्हाळ्यात येणारा घाम मऊ वस्त्राने टिपावा. मुखास तेल चोपडू नये. गोड पदार्थ बेताने खावे. पुटकुळी नखाने फोडल्यास व्रण जन्मभर राहू शकतो.

गोरेपणाच्या काही मलमांत स्टिरॉइड असते. त्याने आरंभी चेहरा उजळतो. पुढे मात्र त्वचा पातळ होते व पुटकुळ्या वाढतात. त्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे. सेवाग्राम येथे १९६९ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत त्वचारोगांचा विभाग आहे. बेंझॉइल पेरॉक्साइडसारख्या औषधाचा गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. सरकी पेरताच दुसऱ्या दिवशी बोंड फुटत नाही. औषधाचेही तसेच आहे. मुलांनो, धीर धरा!

अभ्यास
१. पुटकुळ्या कशा उत्पन्न होतात?
२. त्या का फोडू नयेत?